छातीवर बोट ठेवून : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी छातीच्या मधल्या हाडाबद्दल, म्हणजे उरोस्थीबद्दल, जेमतेम पाऊण पान लिहिलं होतं. त्यात एक काम सांगितलं होतं. गळ्याखाली, हासळीची दोन हाडं जिथे मध्ये जवळ येतात तिथल्या खाचेत बोट ठेवा. तिथून हाडावरून सरळ खाली साधारण ५ सेंटीमीटर या. एक आडवा उंचवटा लागेल, चादरीखाली राहून गेलेल्या पेन्सिलीसारखा. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी आहे ती दुसरी. पहिली हासळीच्या मागे दडलेली असते, ती हाताला लागत नाही, म्हणून छातीवरची सगळी मोजदाद या दुसरीपासून सुरू होते.

एवढ्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात हयात गेली आहे. अंगावर काही टणक लागलं की माणूस आधी घाबरतो आणि मग पत्र लिहितो. पुण्यात आधी पत्र लिहितो.

नावं छापायची नाहीत असं ठरलं आहे, त्यामुळे फक्त पेठा आणि उपनगरं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सदाशिव पेठ) : मी ७१ वर्षांचा. आपण सांगितलेला उंचवटा सापडला. मग बोट तसंच खाली नेलं, तर बरगड्या संपतात तिथे, पोट सुरू होण्याआधी, एक टणक गाठ लागली. दुखत नाही. वर्षभरात माझं वजन ६ किलोंनी उतरलं आहे, पण ते मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोड सोडलं आणि रोज पर्वती चढू लागलो म्हणून. चिरंजीवांना अजून काही बोललो नाही. ही गाठ कशाची?

उत्तर : बहुतेक करून ती गाठ नाही, तुमचंच हाड आहे, आणि ते जन्मापासून तिथे आहे. उरोस्थीचे तीन भाग असतात. वरचा रुंद भाग, ज्याच्या माथ्यावर ती खाच आहे. मधला लांब भाग. आणि सगळ्यात खाली एक छोटं टोक, ज्याला डॉक्टर झायफॉईड म्हणतात. तरुणपणी हे टोक कूर्चेचं असतं, कानाच्या पाळीपेक्षा टणक पण हाडापेक्षा मऊ. चाळिशीच्या आसपास ते हळूहळू हाड होऊ लागतं. म्हणजे विसाव्या वर्षी दाबलं असतं तर दबलं असतं, आता दबत नाही. शिवाय तुमच्या पोटावरची चरबी गेली, त्यामुळे जे झाकलेलं होतं ते हाताला लागायला लागलं. पर्वतीचा प्रताप, दुसरं काय.

या टोकाचा आकार प्रत्येकाचा वेगळा. कुणाचं सरळ, कुणाचं टोकाशी दुभंगलेलं, कुणाच्या टोकाला भोक. काहींचं पुढे वळलेलं असतं, आणि त्यांनाच ते गाठीसारखं लागतं. विच्छेदनाच्या टेबलावर मी इतके प्रकार पाहिले आहेत की ‘नेहमीचा आकार कोणता’ असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

आता घरी एवढं बघा. ती वस्तू बरोबर मधोमध आहे का? वरच्या हाडाशी सलग आहे का? तिच्यावरची कातडी मोकळी सरकते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर काळजी फारशी नाही. उलट ती मऊ असेल, एका बाजूला असेल, महिन्या-दोन महिन्यांत वाढली असेल, खोकल्यावर फुगत असेल, किंवा घास अडकतो, भूक मेली आहे, वजन आपोआप उतरतंय असं काही असेल तर लगेच दाखवा. तुमचं वजन मेहनतीने उतरलं आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, पण फॅमिली डॉक्टरांनाही एकदा हात लावून बघू द्या. पत्रातून मला हात लावता येत नाही.

आणि कृपा करून दिवसातून दहा वेळा दाबून बघणं थांबवा. दाबून दाबून ते टोक खरोखरच दुखायला लागतं, मग दुखतं म्हणून भीती वाढते, आणि भीती वाढली की बोट पुन्हा तिथेच. चिरंजीवांना आजच सांगा. गुपित ठेवण्यासारखं यात काही नाही.

प्रश्न (कर्वेनगर) : माझ्या सासूबाईंचा एकाच आठवड्यात दोनदा ईसीजी काढला. पहिल्यावर ‘पूर्वी झटका येऊन गेला असावा’ असं लिहून आलं. दुसरीकडे काढला तो ठीक निघाला. यंत्रात दोष की आमच्या नशिबात?

उत्तर : दोन्हींत नसावा. बोटांत असू शकेल.

ईसीजीला छातीवर सहा चिकट्या लावतात. त्यांच्या जागा मर्जीप्रमाणे नसतात, ठरलेल्या असतात. पहिली उरोस्थीच्या उजव्या कडेला, चौथ्या बरगडीखालच्या फटीत. दुसरी त्याच पातळीवर डाव्या कडेला. चौथी पाचव्या फटीत, हासळीच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेवर. तिसरी ही दुसरी आणि चौथीच्या मध्ये. पाचवी आणि सहावी चौथीच्याच आडव्या पातळीत, एक काखेच्या पुढच्या घडीखाली आणि एक काखेच्या मध्याखाली.

हे बरोबर करायचं तर मोजावं लागतं. खाच, मग उंचवटा, तिथून बोट बाजूला घसरवलं की दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, मग तिसरी बरगडी, तिसरी फट, चौथी बरगडी, चौथी फट. अर्ध्या मिनिटाचं काम. पण बाहेर रांग लागलेली असते, आणि सवयीने हात जिथे जातो तिथे चिकटी बसते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या दोन चिकट्या वर लागणं. हासळीखाली बोटाला जी पहिली फट लागते ती खरी पहिली फट, पण घाईत तिलाच दुसरी समजून पुढे मोजलं की सगळं एक मजला वर जातं. कधी कधी तर मोजतच नाहीत. दोन चिकट्या वर गेल्या की कागदावरच्या रेघा बदलतात, आणि निरोगी हृदयाच्या आलेखातही जुन्या झटक्यासारखी खूण उमटू शकते. यंत्र ज्या जागेवरून ऐकतं तिथलंच लिहितं, आणि शेजारी छापलेलं निदान तर बऱ्याचदा संगणकाने केलेलं असतं. त्याला चिकटी कुठे लागली आहे हे कळत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक घोळ. स्तनाग्राला खूण धरून मोजायची काही जणांची पद्धत आहे. पुरुषांत ते साधारण चौथ्या फटीच्या जवळ असतं म्हणून ही पद्धत पडली, पण बाईच्या अंगावर ती खूण वय, बाळंतपण आणि वजनाप्रमाणे कुठेही असते. शिवाय तपासणारा संकोचतो, बाई संकोचते, साडीचा पदर अर्धाच सरकतो, आणि चिकट्या स्तनाखाली लागायच्या त्या वर कुठेतरी लागतात. या संकोचाची किंमत मी पाहिली आहे. आमच्या एका नातेवाईक बाईंना अशाच एका कागदावरून महिनोन् महिने ‘हार्ट पेशंट’ म्हणून घरात बसवून ठेवलं होतं. जिना चढायचा नाही, मंगळागौर खेळायची नाही.

तुम्ही काय करायचं? दुसरा कागद चांगला आला म्हणून पहिला फाडू नका. दोन्ही घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, ते बहुधा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतील. हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग नीट हलत नसेल तर इकोमध्ये दिसतो. पुढच्या वेळी ईसीजी काढताना बाई तंत्रज्ञ असेल का ते आधीच विचारा, आणि छाती नीट उघडी करू द्या. जमलंच तर सासूबाईंना उंचवटा शोधायला शिकवा. ‘मोजून लावा हं’ असं एका म्हातारीने म्हटलं की समोरचा दचकून मोजतो.

प्रश्न (एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, वसतिगृहातून) : मॅम, स्टर्नल अँगल हा प्रश्न तोंडी परीक्षेत सगळ्यांनाच का विचारतात? त्याच्या पातळीवर काय काय येतं याची यादी पाठ आहे, पण सीटी स्कॅनमध्ये ती जुळत नाही. मग पाठ कशाला करायची?

उत्तर : अगं, कारण परीक्षकाला एका प्रश्नात तुझं सगळं पुस्तक चाचपता येतं. उरोस्थीचा वरचा भाग आणि मधला भाग जिथे जुळतात तिथे किंचित कोन होतो. तोच हा उंचवटा. तिथे दुसऱ्या बरगडीची कूर्चा येते. मागे छातीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी. महाधमनीची कमान याच पातळीवर सुरू होते आणि इथेच संपते. श्वासनलिकेला इथे दोन फाटे फुटतात. अझायगस शीर वरच्या महाशिरेला इथे मिळते. मेडियास्टिनमचा, म्हणजे दोन फुप्फुसांमधल्या जागेचा, वरचा आणि खालचा भाग या रेषेने वेगळा होतो. यादी संपत नाही.

सीटीत जुळत नाही हे तुझं निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे, आणि ते तू पहिल्या वर्षातच केलंस याचा मला आनंद झाला. पुस्तकातल्या पातळ्या आडव्या ठेवलेल्या, श्वास थांबलेल्या देहांवरून ठरल्या. जिवंत माणूस उभा राहतो, श्वास घेतो. उभ्या माणसाने खोल श्वास घेतला की श्वासनलिकेचा फाटा मणक्याच्या हिशेबाने खाली सरकतो. वय, जाडी, पाठीचं पोक, सगळ्यांनी फरक पडतो. म्हणून ‘चौथा-पाचवा मणका’ हे गावाचं नाव समज, घर क्रमांक समजू नकोस. दुसरी बरगडी मात्र घर क्रमांक आहे. ती बहुतेक प्रत्येक माणसात त्या कोनाशीच सापडते, क्वचित एखाद्यात तिसरी. तेवढी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवलीस तरी वॉर्डात तुझं अडणार नाही. छातीतलं पाणी काढताना फट मोजायची ती तिथूनच, आणि सुई घालायची ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण रक्तवाहिन्या आणि चेता वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून जातात.

मानेतल्या शिरेचा दाबही याच कोनापासून मोजतात. कोनाच्या खाली साधारण ५ सेंटीमीटरवर हृदयाचा उजवा कप्पा धरायचा, आणि शिरेतलं रक्त कोनाच्या वर किती उंच दिसतं ते बघायचं. ३-४ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर दाब वाढलेला. ते ५ सेंटीमीटर हासुद्धा अंदाजच आहे, पण पेशंटच्या खाटेशी उभं असताना अंदाज लागतो. तोंडी परीक्षेत पुस्तकातलं सांग. परीक्षक खुशीत दिसले तर सीटीचं सांग.

प्रश्न (कोंढवा) : माझा मुलगा १५ वर्षांचा. त्याच्या छातीत मधोमध खड्डा आहे. लहानपणी थोडा होता, गेल्या दोन वर्षांत उंची वाढली तसा खड्डाही वाढला. पोहायच्या तलावावर शर्ट काढत नाही. आता ढोल-ताशा पथकात जायचं म्हणतोय. ढोलाच्या वजनाने हाड आणखी आत जाईल का?

उत्तर : ढोलाने हाड आत जात नाही. या खड्ड्याचं कारण वजन नाही, खेळ नाही, लहानपणी पालथं झोपणंही नाही. बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात आणि हाडाचा खालचा भाग आत ओढला जातो. साधारण ३०० ते ४०० मुलांमागे एकाला असं असतं, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा तो ठळक होतो. तुमच्या मुलाचं तेच झालं.

बहुतेकांच्या हृदयाला आणि फुप्फुसांना याचा फारसा त्रास होत नाही. तरी एकदा तपासणी करा, आणि पथकात नाव घालण्याआधी करा. मुलगा फार उंच आणि सडपातळ आहे का, हातापायांची बोटं फार लांब आहेत का, डोळ्यांचा काही त्रास आहे का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, हे डॉक्टरांना सांगा. मार्फान नावाच्या एका आनुवंशिक आजारात असा खड्डा असतो, आणि त्यात महाधमनीही कमकुवत असू शकते. त्यासाठी इको करतात. तो नीट आला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की खुशाल ढोल बांधू दे.

खड्डा किती खोल हे सीटीवर मोजतात. छातीची आतली रुंदी भागिले हाड ते मणका हे सगळ्यात कमी अंतर. सर्वसाधारण माणसात हे उत्तर २.५ च्या आसपास येतं. ३.२५ च्या वर गेलं तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. पूर्वी वाकड्या कूर्चा कापून काढत. १९८७ मध्ये डोनाल्ड नस या अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी वेगळी पद्धत सुरू केली. काखेखाली लहान छेद घेऊन वाकवलेली धातूची पट्टी हाडाच्या मागून सरकवायची आणि उलटी फिरवायची, की हाड पुढे येतं. पट्टी काही वर्षं आत ठेवून मग काढतात. दुखणं बऱ्यापैकी असतं, हे त्याला आधी स्पष्ट सांगा.

व्यायामाने हाड सरळ होत नाही, पण खांदे मागे राहतात, छातीचे स्नायू भरतात आणि खड्डा कमी दिसतो. शर्ट न काढण्याबद्दल त्याला टोकू नका. मला विचाराल तर या बाबतीत मुलाची लाज हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण आहे. ‘दिसण्यासाठी कशाला ऑपरेशन’ असं घरातलं कुणी म्हणालं तर त्याला पंधराव्या वर्षी तलावावर उभं करून बघा.

प्रश्न (धनकवडी) : माझं बायपास होऊन पाच आठवडे झाले. छातीचं हाड उभं कापून तारांनी शिवलंय. त्या तारा काढतात का? खोकलो की आत काही ‘टक्’ वाजल्यासारखं वाटतं. डावीकडची कातडी बधिर आहे. आणि स्कूटर कधी चालवू? रिक्षाला फार खर्च होतोय.

उत्तर : रिक्षाचा खर्च चालू ठेवा.

तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि जन्मभर आतच राहतात. त्रास दिला तरच काढतात. एमआरआय करायची वेळ आली तर बहुतेक वेळा अडत नाही, पण तिथे आधी सांगायचं. डावीकडची बधिरता अनेकांना येते. हाडाच्या कडेपासून सुमारे एक सेंटीमीटरवर, आतल्या बाजूने, एक धमनी वरून खाली जाते. डावीकडची तीच धमनी सोडवून हृदयाला जोडतात, कारण ती वर्षानुवर्षं मोकळी राहते. ती सोडवताना कातडीच्या बारीक चेता दुखावतात. बधिरपणा बहुधा काही महिन्यांत कमी होतो.

‘टक्’ मात्र आज किंवा उद्या तुमच्या सर्जनना दाखवा. कापलेले दोन भाग एकमेकांवर हलत असतील तर असा आवाज येतो. बरोबर ताप, जखमेतून पाणी, लाली असं काही असेल तर आजच. तोवर खोकताना उशी छातीशी घट्ट धरा, आणि उठताना हातावर भार देऊ नका, कुशीवर वळून उठा.

हाड मूळ धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीन महिन्यांपर्यंत. मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल तर आणखी. स्कूटर म्हणजे नुसतं बसणं नाही. स्टँडवर लावताना ओढावी लागते, खड्डा आला की दोन्ही हातांवर झटका बसतो, आणि कात्रज भागातले खड्डे मी तुम्हाला सांगायला नकोत. सर्जन ‘हो’ म्हणेपर्यंत नाही. मागच्या सीटवरही नाही.

एक गंमत सांगते. हाड असं उभं कापून छाती उघडायची कल्पना हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदाने १८९७ मध्ये कैरोहून मांडली होती. हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी ती नेहमीची वाट झाली ती १९५७ नंतर. साठ वर्षं चांगली कल्पना पडून होती.

प्रश्न (औंध, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकर्त्या) : आमच्याकडे सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं) प्रात्यक्षिक झालं. दाबायचं नेमकं कुठे यावर दोन गट पडले आहेत. तुमच्या उंचवट्यापासून किती बरगड्या खाली?

उत्तर : इथे मोजायचं नाही. आयुष्यभर ‘मोजा, मोजा’ म्हणणारी मी हे सांगते आहे, तेव्हा दोन्ही गटांनी ऐकावं. समोरचा हाक मारून हलत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा मध्येच आचके दिल्यासारखा घेतो, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच दाबायला लागायचं. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, दुसरा हात त्यावर. अगदी खालच्या टोकावर नाही, कारण त्याच्या आत यकृत आहे. डावीकडेही नाही. हृदय डावीकडे असतं असं सगळे म्हणतात, पण त्याचा साधारण एक तृतीयांश भाग मध्यरेषेच्या उजवीकडे असतो, आणि ते हाड आणि मणका यांच्या मध्ये दाबलं गेलं तरच रक्त पुढे जातं. बाजूला दाबाल तर नुसत्या बरगड्या मोडाल.

मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. माणूस पलंगावर असेल तर खाली जमिनीवर घ्या, गादीवर सगळा जोर गादी खाते. कोपर सरळ ठेवा, जोर खांद्यांतून येऊ दे. दोन मिनिटांत थकायला होतं, म्हणून आळीपाळीने करा. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. बरगडी जुळते. तोंडाने श्वास देणं शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा.

आणि ताई, दोन गटांचं भांडण मिटवायला पुन्हा एकदा प्रात्यक्षिक ठेवा, पण या वेळी प्रत्येकाला पुतळ्यावर हात ठेवू द्या. खुर्चीत बसून बघितलेलं वेळेला हाताला येत नाही.

प्रश्न (हिंजवडीत नोकरी करणारे तिघे, वेगवेगळ्या पत्रांतून) : हाडाच्या डाव्या कडेला दाबलं की दुखतं. दाबल्यावर दुखतं म्हणजे हार्टचं नाही, असं जिममधले म्हणतात. खरं का?

उत्तर : अर्धं खरं, आणि अर्ध्या खऱ्यावरच माणसं फसतात. बरगडी आणि उरोस्थी यांच्यामधल्या कूर्चेला सूज किंवा ताण आला की बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं. वजन उचलल्यावर, खूप खोकल्यावर, दिवसभर लॅपटॉपवर पोक काढून बसल्यावर हे होतं. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीशी. तिथे फुगवटाही दिसत असेल तर त्याला टिट्झेचा विकार म्हणतात, १९२१ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टरच्या नावावरून. विश्रांती आणि साध्या गोळ्यांनी काही आठवड्यांत उतरतं.

पण ज्याची कूर्चा दुखते त्याला हृदयविकार होऊ शकत नाही असा काही नियम नाही. दडपण, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ, चढ चढताना दुखणं आणि थांबल्यावर कमी होणं, यातलं काही असेल तर दाबून बघण्यात वेळ घालवू नका. ओवा चघळून ‘गॅस असेल’ म्हणत पडून राहू नका. मला तुमच्या जिममधल्या मित्रांइतकीच आमच्या पिढीच्या ओव्याची भीती वाटते.

प्रश्न (नारायण पेठ) : बायकांना एक बरगडी जास्त असते ना?

उत्तर : नाही. दोघांनाही १२ जोड्या. वरच्या सात आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जुळतात, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला टेकतात, शेवटच्या दोन पुढे मोकळ्या. शंभरातल्या एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना, मानेशी एक जादा बरगडी असते आणि ती हाताच्या मुंग्यांचं कारण होऊ शकते. आपल्या जुन्या ग्रंथांत शरीरातली हाडं चरकांनी ३६० आणि सुश्रुतांनी ३०० सांगितली आहेत, आज आपण मोठ्या माणसात २०६ धरतो. दात, नखं, कूर्चा मोजायच्या की नाही यावर आकडा बदलतो. त्यावरूनही एका वाचकांनी सहा पानी पत्र पाठवलं आहे. ते स्वतंत्र लेखाच्या लांबीचं आहे, संपादकांकडे दिलं आहे.

प्रश्न (बाणेर) : खोकल्यासाठी सीटी केला. फुप्फुसं चांगली निघाली, पण रिपोर्टात उरोस्थीला भोक असल्याचं लिहिलंय. घरात रडारड झाली.

उत्तर : रडू नका. उरोस्थी गर्भात उजव्या-डाव्या दोन पट्ट्यांची असते आणि त्या मध्ये जुळतात. शंभरातल्या साधारण पाच जणांत खालच्या भागात एक गोल भोक राहून जातं. त्याचा त्रास काही नाही. सांगाड्यात ते गोळीच्या भोकासारखं दिसतं, त्यामुळे न्यायवैद्यक तपासणाऱ्यांना ते ओळखावं लागतं. तुम्ही तो रिपोर्ट फक्त नीट जपून ठेवा. पुढे कधी कुणी छातीच्या हाडातून मज्जा काढायची म्हणालं किंवा तिथे ॲक्युपंक्चरची सुई टोचायला आलं, तर आधी तो दाखवा. भोकाच्या मागे हृदय आहे, आणि सुईला अडवायला तिथे हाड नाही.